मातीखालचं भुंकणं

बटन तिचं नाव. वजन साडेपाच किलो,
त्यातला किलोभर तरी आवाजच असावा.
बाबांनी तिला ओरेन कॉडिलकडून आणलं
जुन्या करवतीच्या बदल्यात.
आई म्हणाली, करवत निदान गप्प तरी बसायची.

आमच्या घळीत सगळ्यांकडे मोठे शिकारी कुत्रे,
लांब कानांचे, रात्रभर डोंगर डोक्यावर घेणारे.
एल्झी, हे कुत्रं आहे की खिशातला रुमाल?
बाबा उत्तर देत नसत.
बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस
शब्दसुद्धा हवेसारखे पुरवून वापरतो.

ऑक्टोबरात हिकरीची फळं पिकली
की आम्ही पहाटे निघत असू. मी मागे, पिशवी घेऊन.
बटन आधी कानांनी शोधायची.
कुठे एक टरफल पडलं
की तिची मान तिरकी, पुढचा एक पाय अधांतरी.
मग बुंध्याला पंजे टेकून
तुटक, नेमकं भुंकणं, कुणी खिळा ठोकावा तसं.
खार फांदीआड सरके.
बटन झाडाला वळसा घाली
आणि तिच्यापासून लपत लपत खार
बरोब्बर बाबांच्या समोर येई.
एकच बार. मग बराच वेळ पानं पडत राहत.

रॅकूनसाठी तिचा सूर लांब, ओढलेला, रात्रीचा.
मक्याच्या कोठारात मात्र चकार शब्द नाही:
उंदीर धरला, मान झटकली, पुढचा.
तिथे ती कामावर असायची.
आणि तांबड्या डोक्याचा साप असला
तर दातांतल्या दातांत गुरगुर;
ती ऐकली की बाबा उचललेला पाय तसाच ठेवत.

संध्याकाळी ओसरीवर ते मला विचारत,
ऐक, काय लागलंय तिला?
मी नऊ वर्षांची. पाढे कच्चे होते माझे,
पण बटन मला पाठ होती.

त्या जूनमध्ये घेवड्याच्या वाफ्याशी
ग्राउंडहॉगचं बीळ निघालं, आणि ती आत गेली.
थोडा वेळ जमीनच भुंकत होती.
मग नाही.

बाबा पालथे झोपले, कान मातीला लावून.
आम्हाला म्हणाले, हलू नका.
पण शिट्टी वाजत होती ती त्यांच्याच छातीत,
काळ्या धुळीने भरलेल्या.
तोंडावर हात दाबून त्यांनी ती थांबवली,
जमेल तितका वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खणत होते.
ओरेन आला, म्हणाला, सोड रे, पिल्लू देतो दुसरं.
बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.
कुंपणाचे खांब उपटून आणले,
खड्ड्याला आतून टेकू दिले, वर आडवी फळी,
एखादी खोली बांधावी इतक्या निगुतीने.
आईने भाकरी आणली, तशीच परत नेली.

मग ते थांबले. फावडं उलटं धरलं
आणि दांड्याने जमिनीवर तीन ठोके दिले.
थांबून पुन्हा तीन.

मला म्हणाले (कधीच बोलले नव्हते यावर),
एक्केचाळीस तास होतो आत.
डेल होता, डेलचा भाऊ होता.
वरून असं ऐकू आलं तेव्हा
आम्हाला ओरडायचं सुचलं नाही.
वाटलं, आपलंच काळीज असेल.

खालून आवाज आला. एकदाच.
खारीचा नाही, रॅकूनचा नाही,
सापाचा तर नाहीच.
मला तो येत नव्हता.
बाबांना येत होता.

बाहेर आली ती शिंकत, एक कान फाटलेला,
डोळ्यांत, नाकात, दातांत माती,
आणि पहिलं काय केलं असेल तर
वळून पुन्हा त्याच बिळात नाक खुपसलं.
बाबांनी शेपटीला धरून ओढली,
सदऱ्यात घातली, गुंड्या लावल्या.
दोघांची धाप एकाच कापडाआड.

आईने स्वतःच्या टबात तिला धुतलं.
पाणी चारदा बदललं.
करवतीचा विषय पुन्हा निघाला नाही.